परफॉर्मन्स पिकअप गोव्यात घेण्यात अर्थ आहे का? रॅप्टर, हायलक्स, व्ही-क्रॉस चर्चा

कुळागरवाला_वाळपई
नमस्कार मंडळी. वाळपईच्या पुढे आमचं कुळागर आहे, माड, पोफळी, थोडी मिरी आणि वर डोंगरावर काजू. इतकी वर्षं जुनी बोलेरो कॅम्पर होती ती आता थकली, विकायला काढलीय. बजेट ताणून ३०-३५ लाखापर्यंत जाऊ शकतो पण गाडी एकच राहणार, म्हणजे कुळागराचं काम पण तिच्यावरच, आठवड्यातून पणजी पण तिच्यातच आणि मुलांना घेऊन चोर्ला घाटातून बेळगावला सासरवाडीला पण तिच्यातच.
आता खरी गोष्ट. चुलतभाऊ दुबईला असतो, त्याच्याकडे फोर्डची एफ-१५० रॅप्टर आहे. सुट्टीत तिकडे गेलो होतो तेव्हा त्याने वाळवंटात फिरवली आणि तेव्हापासून ती गाडी डोक्यातून जात नाही. इथे ती मिळत नाही माहितीय. म्हणून विचारतो, टोयोटाची हायलक्स घेऊन तिला रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं), लिफ्ट किट (गाडी उंच करायचे सुटे भाग), मोठे टायर असं करून घ्यावं का, की कोणीतरी कंपनी खरी परफॉर्मन्स पिकअप आणेल म्हणून थांबावं, की हे सगळं सोडून साधी पिकअप घ्यावी? ज्यांनी चालवल्यात त्यांनी सांगा प्लीज.

मस्कतकर
भाऊ मी पेडण्याचा, बरीच वर्षं आखातात आहे आणि वाळूत गाड्या चालवतो त्यामुळे तुझ्या डोक्यात काय चाललंय ते मला बरोबर कळतं. रॅप्टर ही गाडी ज्या कामासाठी बनवली ते काम इकडे आहे. मेक्सिकोत बाहा कॅलिफोर्नियात वाळवंटातल्या शर्यती होतात त्या डोळ्यासमोर ठेवून फोर्डने २०१० च्या मॉडेलपासून ती काढली. वाळूत टायरची हवा १५ पीएसआयच्या आसपास उतरवायची आणि मग वेग तुटू द्यायचा नाही, टेकडी चढताना पाय उचललास की गाडी रुतली. वाळू चाकाला सतत मागे ओढते, तिथे ताकद लागतेच, चारशे पाचशे हॉर्सपॉवर खरोखर कामाला येतात.
पण तुझ्या कुळागरात वाळू नाही, लाल मातीचा चिखल आहे. चिखलात ताकद वाढवलीस तर चाक जागेवर फिरून खड्डा खणतं. तिथे लागतो लो गिअर, मंद पाय आणि माती झटकणारा टायर. दोन्ही ऑफरोडच, पण मागणी एकदम उलटी. म्हणून दुबईत जे आवडलं ते वाळपईत मिळेलच असं धरू नकोस.
आणि किनाऱ्यावर वाळू आहे ना असं कोणी म्हणायच्या आत सांगतो, गोव्यात बीचवर गाडी घालायला बंदी आहे, दर सीझनला पर्यटकांवर केसेस होतात, आणि ते बरोबरच आहे, तिथे लोक चालतात, पोरं खेळतात.

डिचोली_गॅरेज
माझं काम गाड्यांचंच आहे, खाण चालू होती तेव्हा टिप्पर केले, आता बोलेरो, इसुझूची व्ही-क्रॉस, हायलक्स, काय येईल ते. एकच गोष्ट सांगतो जी शोरूममध्ये कोण सांगत नाही. परफॉर्मन्स पिकअप बनवताना कंपनी पिकअपपणा कमी करते.
आता आकडे बघा. फोर्डचीच एफ-१५० पेक्षा लहान पिकअप म्हणजे रेंजर, तिचीही रॅप्टर निघते. साधी रेंजर ३५०० किलोचा ट्रेलर ओढते आणि रेंजर रॅप्टर २५०० किलोचा. हौद्यात साध्या रेंजरला टनाच्या आसपास माल चालतो, रॅप्टरला सातशेच्या आसपास. इंजिन मात्र उलट, रॅप्टरमध्ये ३ लिटरचं ट्विन टर्बो पेट्रोल व्ही-६, चारशेच्या जवळ हॉर्सपॉवर. अमेरिकेतली राम टीआरएक्स त्याहून मोठं उदाहरण, ६.२ लिटर सुपरचार्ज्ड व्ही-८, ७०२ हॉर्सपॉवर, पावणेतीन टनाच्या वर स्वतःचं वजन, आणि हौद्यात नेता येतो सहाशे किलोहून कमी माल, त्यातच आत बसलेली माणसं पण धरायची! पाच माणसं बसली की हौद्यासाठी काय उरलं तुम्हीच हिशोब करा.
असं का होतं तर मागची स्प्रिंग. माल वाहणाऱ्या गाडीला मागे पाटे (एकावर एक पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) असतात, कडक असतात म्हणून वजन घेतात. उडी मारून खाली येताना गाडी मऊ बसायला हवी तर कडक पाटे चालत नाहीत, तिथे लांब हालचालीची कॉइल (गुंडाळी स्प्रिंग) किंवा मऊ स्प्रिंग लागते, आणि मऊ स्प्रिंगवर वजन टाकलं की गाडी मागे बसते. दोन्ही एका गाडीत होत नाही, कितीही पैसे टाका.

रॅप्टरवेडा_फोंडा
गॅरेज भाऊ तुमचे आकडे बरोबर आहेत पण तुम्ही अर्धीच बाजू मांडताय म्हणून लिहितो. हॉर्सपॉवर बाजूला ठेवा. रॅप्टरचे खरे पैसे शॉकॲब्सॉर्बरमध्ये आहेत. साधा शॉक खडबडीत रस्त्यावर बराच वेळ चालला की आतलं तेल तापतं, फेस धरतं आणि मग शॉक काम करायचं सोडतो, गाडी नुसती उड्या मारत जाते. रेंजर रॅप्टरला फॉक्स कंपनीचे अडीच इंची शॉक आहेत, मागच्याला बाहेर वेगळी टाकी, तेल जास्त म्हणून गरम व्हायला वेळ लागतो, आणि कॉम्प्युटर रस्त्याप्रमाणे त्यांचा कडकपणा बदलत राहतो. शिवाय मागे पाटे नाहीत, कॉइल आहेत. आपल्याकडे पावसाळ्यात रस्त्यांची जी अवस्था होते त्यात मागच्या सीटवर बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची कंबर वाचणार असेल तर तो खर्च फालतू कसा? रोज कोण टन टन माल नेतो? बहुतेक पिकअपवाले वर्षातले कितीतरी दिवस हौदा रिकामाच घेऊन फिरतात. जे रोज लागतं ते आराम आणि पकड, ते रॅप्टर देते.
मी स्वतः थायलंडमध्ये भाड्याने घेऊन चालवलीय, तिथेच ती बनते आणि स्टेअरिंग उजवीकडे. ती आपल्याकडे अधिकृतपणे आली तर मी कर्ज काढून घेईन आणि मला पश्चात्ताप होणार नाही.

मृणाल_म्हापसे
रॅप्टरवेडा तुमचा मुद्दा पटला, खरंच. शॉक महत्त्वाचे, हॉर्सपॉवर नाही. पण मग ती गोष्ट हॉर्सपॉवरच्या पॅकेटमध्येच का विकत घ्यावी लागते हा माझा प्रश्न आहे.
मी हायलक्स चालवते, नवऱ्याचा बांधकामाचा धंदा आहे आणि साइटवर मीच जास्त जाते. दोन गोष्टी सांगते ज्या कागदावर कळत नाहीत. पहिली रुंदी. हायलक्स १८५५ मिमी रुंद आणि ५३२५ मिमी लांब आहे. आसगाव, साळगाव, हळदोणे, आत कुठेही जा, दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे आणि समोरून बस आली की कुणीतरी एकाने मागे जायचं. एवढ्या गाडीला मागे घेताना घाम फुटतो आणि अमेरिकेतली ती टीआरएक्स २.२ मीटरच्या वर रुंद आहे! आमच्या वाड्यावरच्या रस्त्यावर ती एकटीच मावेल, समोरचा स्कूटरवाला गटारात. दुबईच्या रस्त्यावर बसून ही गोष्ट लक्षात येत नाही.
दुसरी गोष्ट जास्त गंभीर. पिकअपचा मागचा भाग रिकामा असताना हलका असतो आणि साध्या टू-व्हील मोडमध्ये सगळी ताकद त्याच हलक्या मागच्या चाकांवर जाते. हायलक्स ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन मीटर टॉर्क (चाक फिरवायचा जोर) आहे. पावसात चोर्ल्याच्या वळणावर जरा जास्त पाय दिला की मागचं टोक सरकतं, ट्रॅक्शन कंट्रोल सांभाळतो पण पोटात गोळा येतो. आणि यात फोर बाय फोर टाकून हॉटमिक्सवर, म्हणजे डांबरी रस्त्यावर, चालवायचं नाही, कारण पुढच्या मागच्या ॲक्सलमध्ये फरक सामावून घेणारा सेंटर डिफ नाही, वळताना ताण येतो आणि ट्रान्समिशन खराब होतं. आता सांगा, त्यावर रीमॅप करून अजून टॉर्क वाढवायचा कशासाठी? कुळागरवाले भाऊ, तुम्ही मुलांना घेऊन त्याच घाटातून जाणार आहात.

रॅप्टरवेडा_फोंडा
ताई हा मुद्दा मान्य, म्हणूनच म्हणतो घरगुती रीमॅप वेगळा आणि कंपनीची गाडी वेगळी. रेंजर रॅप्टरमध्ये ४ए मोड आहे, तो डांबरावर पण चालतो आणि पुढच्या चाकांना लागेल तशी ताकद जाते. ब्रेक, कूलिंग, चेसिस सगळं त्या ताकदीच्या हिशोबाने बांधलेलं असतं. हायलक्सला चिप लावून रॅप्टर होत नाही, हे मी पण ठामपणे सांगतो.

जुनी_इंजिनं
इतिहासातलं एक सांगतो, मला हा विषय फार जवळचा आहे. १९९१ मध्ये जीएमसीने सायक्लोन नावाची छोटी पिकअप काढली, ४.३ लिटर टर्बो व्ही-६, २८० हॉर्सपॉवर, चारही चाकांना ताकद. एका अमेरिकन मासिकाने ती फेरारी ३४८ बरोबर पाव मैल पळवली आणि पिकअप जिंकली. पण तिच्या हौद्यात नेता यायचं ५०० पौंड, म्हणजे २२७ किलो, आणि कंपनीच सांगायची की ऑफरोड नेऊ नका. चारही चाकं ओढणारी पिकअप, चिखलात न्यायची नाही आणि माल भरायचा नाही! तीन हजाराच्या आसपास गाड्या बनल्या, आज संग्राहक शोधत फिरतात. पुढे २००४ ला डॉजने राममध्ये व्हायपरचं ८.३ लिटर व्ही-१० टाकलं, ५०० हॉर्सपॉवर, रस्त्यावर पळवायलाच.
मला या गाड्या मनापासून आवडतात. यंत्र म्हणून त्या सुंदर आहेत. पण पहिल्यापासून त्यांचा सौदा हाच आहे की वेग घ्या आणि काम सोडा. ज्याच्याकडे कामाला दुसरी गाडी आहे त्याने खुशाल घ्यावी. कुळागरवाल्याने पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय, गाडी एकच राहणार.

पर्वरीचा_सीए
अमेरिकेत एवढ्या का खपतात हे पण समजून घ्या नाहीतर आपण त्यांच्या व्हिडिओंवरून इथला निर्णय घेतो. तिकडे १९६४ पासून बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के कर आहे, त्यामुळे तिथल्या कंपन्यांना मोठ्या पिकअपचा बाजार स्पर्धेशिवाय मिळाला. धंद्यासाठी ६००० पौंडांच्या वर वजनाची गाडी घेतली तर करात मोठी वजावट मिळते. रस्ते रुंद, पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त. आपल्याकडे यातलं काहीच नाही.
टीआरएक्सचं सरकारी ॲव्हरेज १२ मैल गॅलनला, म्हणजे साधारण ५ किमी लिटरला. पेट्रोल शंभराच्या जवळ धरा, किलोमीटरला वीस रुपये नुसते पेट्रोलचे. वाळपई ते पणजी जाऊन येऊन शंभर किमीच्या आसपास होतात, एका फेरीला दोन हजार. डिझेल पिकअप यात निम्म्याहून कमीत जाते.
आणि बाहेरून आणायची म्हटली तर सीमाशुल्क, जीएसटी, रोड टॅक्स धरून किंमत दुपटीच्या पुढे जाते. चुलतभावाची रॅप्टर आणायचा विचार तर सोडाच, डाव्या स्टेअरिंगची गाडी साध्या माणसाला आणून इथे पासिंग करून मिळत नाही.

कुळागरवाला_वाळपई
सगळ्यांचे आभार, एवढं कोण मन लावून लिहील असं वाटलं नव्हतं. मृणालताईंचं वाचून बायकोने फोन हातातून घेतला आणि स्वतः सगळा धागा वाचला. रॅप्टर आणायची नाही हे ठरलं. पण लिफ्ट किट आणि मोठे टायर याबद्दल अजून विचारतो, पावसात ओहोळ ओलांडून जावं लागतं, तिथे उंची कामाला येईल ना?

डिचोली_गॅरेज
उंची येते कामाला पण कुठली उंची ते बघ. लिफ्ट किटने बॉडी आणि चेसिस वर जाते, मागचा डिफचा गोळा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरची पेटी) चाकांच्या मध्ये होता तिथेच राहतो, तो फक्त मोठ्या टायरने वर जातो. आणि फार मोठा टायर घातला की गिअरिंग लांब होतं, गाडी सुस्त होते, स्पीडोमीटर कमी दाखवतो, ब्रेकिंगचं अंतर वाढतं, पुढच्या बेअरिंगवर आणि स्टेअरिंग रॅकवर ताण येतो. ओहोळासाठी हायलक्स जशी येते तशी ७०० मिमी पाण्यातून जाते असं कंपनी सांगते. सत्तरी तालुक्यात ओहोळ त्याच्या वर चढला असेल तर गाडी घालायचीच नाही, लिफ्ट केलेली असली तरी. वाहत्या पाण्यात उंचीपेक्षा ओढ मारते.
कंपनीच्याच मापाचे ऑल टेरेन टायर (रस्ता आणि माती दोन्हीला चालणारे) घाल, बस. मड टेरेन (फक्त चिखलासाठीचे) घेऊ नको, ओल्या हॉटमिक्सवर ते धरत नाहीत आणि तू पणजीला पण जाणार.

पर्वरीचा_सीए
कायद्याचं पण बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, कंपनीच्या मूळ रचनेत आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल चालत नाही. बुलबारवर (पुढे लावायच्या लोखंडी गार्डवर) तर त्याआधीपासून बंदी आहे. अपघात झाला आणि विमा कंपनीच्या माणसाला लिफ्ट किट, रीमॅप दिसलं की क्लेमवरून वाद सुरू. हायलक्सवर तीस लाख घालून त्या वादात का पडायचं.

मस्कतकर
रेनफॉरेस्ट चॅलेंज बघितलीय का कुणी? २०१४ पासून गोव्यात पावसाळ्यात होते ती ऑफरोड गाड्यांची स्पर्धा. त्यात जिप्सी, थार, जुन्या जीप जास्त, आखूड आणि हलक्या, विंच (रुतलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र) लावलेल्या. आपल्या चिखलात आणि जंगलात काय चालतं ते तिथे उभं राहून एक दुपार बघितलं तरी कळतं. लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराची) जड पिकअप खडकाच्या टोकावर पोटावर बसते. हायलक्सचा व्हीलबेस तीन मीटरच्या वर आहे.

रॅप्टरवेडा_फोंडा
स्पर्धेतल्या गाड्या ट्रेलरवरून येतात मस्कतकर, त्यात कोणी बेळगावला सासरवाडीला जात नाही. ती तुलना इथे लागू होत नाही. माझं म्हणणं एवढंच की चांगल्या सस्पेन्शनसाठी पैसे टाकायला घाबरू नका. कुळागरवाले, बजेट ३५ चं आहे तर गाडी कमी किमतीची घ्या आणि उरलेल्यातले थोडे चांगल्या शॉकवर घाला, गाडीच्या मूळ मापाचे, उंची न वाढवणारे. तेवढ्याने मागच्या सीटवर फरक जाणवेल.

मृणाल_म्हापसे
हे मात्र शंभर टक्के. आणि हौद्यात शंभर-दीडशे किलो वजन असलं की मागचे पाटे जरा बसतात आणि धक्के कमी लागतात. तुमच्याकडे नारळ असतीलच. फक्त बांधून ठेवा, घाटात सुटा माल नको.

कुळागरवाला_वाळपई
मग थांबण्याचं काय? महिंद्राने २०२३ च्या १५ ऑगस्टला केप टाउनमध्ये स्कॉर्पिओ-एन वरची पिकअप दाखवली होती ना.

जुनी_इंजिनं
ती संकल्पना म्हणून दाखवली होती. दाखवलेल्या गाडीसाठी काम थांबवू नका, काजूचा सीझन थांबत नाही.

डिचोली_गॅरेज
थांबू नको. माझं मत विचारशील तर हायलक्स चांगली आहे, मागे डिफ लॉक (दोन्ही मागची चाकं एकत्र फिरवणारा) आहे, इंजिन फॉर्च्युनरचंच त्यामुळे पार्ट सगळीकडे. पण तुझं काम बघता इसुझू व्ही-क्रॉस फोर बाय फोर पण बघ, १.९ लिटर डिझेल, १६३ हॉर्सपॉवर, ३६० न्यूटन मीटर. आकडा लहान वाटेल पण लो गिअरमध्ये कुळागराच्या चढावर त्याहून जास्त लागत नाही. कुठलीही घेतलीस तरी आरसीवरचं एकूण वजन आणि रिकामं वजन यातला फरक बघून घे, या डबल कॅब कॅम्परसारखा माल नेत नाहीत. शेणखताची गाडी भरायची असेल तर फेऱ्या वाढतील किंवा त्या दिवसापुरता भाड्याचा टेम्पो.

कुळागरवाला_वाळपई
ओळखीत एक जुनी व्ही-क्रॉस आहे, फोर बाय फोर, मडगावच्या बाजूला, मालक परदेशी चाललाय. रविवारी बघायला जातोय बायकोला घेऊन. भाऊ काय बघू तिथे?

डिचोली_गॅरेज
मालक किनाऱ्याजवळ राहत असेल तर आधी खाली झोपून चेसिस बघ, खारी हवा मागच्या क्रॉसमेंबरला आणि पाट्यांच्या शॅकलला आधी खाते. काळा रंग नुकताच मारलेला दिसला तर खरवडून बघ. पाटे रिकाम्या गाडीत सरळ झालेले असतील तर आधीच्या मालकाने ओव्हरलोड ओढलंय. फोर बाय फोर शोरूमच्या फरशीवर टाकून काही कळत नाही, मातीच्या मैदानात ने, ४एच (साध्या गिअरची फोर बाय फोर) टाक, मग थांबून न्यूट्रलला ४एल (लो गिअरची), दिवा लागतो का आणि परत टू-व्हीलला सहज येते का ते बघ. बरेच लोक वर्षानुवर्षं फोर बाय फोर वापरत नाहीत आणि मग ती जोडणारा ॲक्चुएटर अडकतो. क्लच पेडल जड लागला तर सोड. ट्रान्सफर केसखाली (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीखाली) तेलाचे थेंब बघ. ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) चिप लावली होती का ते सरळ विचार, आणि हो म्हणाला तर दुसरी बघ.
रविवारी सकाळी मी मोकळा आहे, बोलावलंस तर येतो.